दोन एरिक, एक पाठिंबा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सत्कार, श्रीफळ आणि माझा परिचय यांत बराच वेळ गेलाय, त्यातला परिचय तर माझ्या मृत्युलेखासारखा होता. तेव्हा नेत्याच्या पाठिंब्याने मतं खरंच वळतात का, हे बघायला थेट अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जाऊ.

२०२२. मिसूरीत ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाला सिनेटचा, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहाचा, उमेदवार निवडायचा होता. मतदान २ ऑगस्टला. आदल्या दिवशी ट्रम्प यांनी निवेदन काढलं की, 'एरिक'ला माझा संपूर्ण पाठिंबा आहे. आडनाव नाहीच. आणि रिंगणात होते एरिक श्मिट आणि एरिक ग्रायटन्स. दोघांनीही लगोलग जाहीर आभार मानले! (हशा) एरिक नावाचा तिसराही एक किरकोळ उमेदवार होता, त्याच्याही घरी पेढे वाटले असतील. दुसऱ्या दिवशी श्मिट निवडून आले. आता सांगा, ट्रम्प यांचा शब्द खरा ठरला की नाही? एरिकच आला ना!

माझी तक्रार इथंच आहे. आपल्याकडची वर्तमानपत्रं आणि वाहिन्या दर निवडणुकीला छापतात, दाखवतात: 'ट्रम्प यांनी पाठिंबा दिलेले इतके टक्के उमेदवार विजयी.' अहो, त्या यादीत किती जण आधीपासून खुर्चीवर बसलेले, किती जणांसमोर नाव घेण्यासारखा प्रतिस्पर्धीच नव्हता, हे कोण सांगणार? कोंबडं आरवतं आणि उजाडतं, म्हणून सूर्य कोंबड्याच्या नावावर मांडायचा का? नेता पाठिंबा देतो तोही वारा बघूनच. हरणाऱ्या घोड्यावर स्वतःचं नाव कोण लावेल? मी एका संपादकांना या विषयावर लांबलचक पत्र पाठवलं होतं. त्यांनी ते छापलं, पण फक्त शेवटची ओळ, आणि ती होती 'कळावे, लोभ असावा'. (हशा)

असो. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे तिकीट वरून येतं. एबी फॉर्म घेऊन निघालेली गाडी शेवटच्या दिवशी भलत्याच दारात वळते, हे आपण पाहिलेलं आहे. तिकडे तिकीट मतदार ठरवतात, आणि उमेदवार सगळे एकाच पक्षाचे. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत, जिथे पक्षांची लढत असते, माणूस पक्ष बघून मोकळा होतो. प्रायमरीत ती सोय नाही. उमेदवारांचे विचारही बहुतेक सारखेच. मग निवडायचं कशावरून? म्हणून पाठिंब्याला वाव मिळतो तो इथे.

आता माझा लाडका किस्सा. ज्यांनी तो आधी ऐकलाय त्यांनी खुशाल चहा घेऊन यावा.

फेब्रुवारी २०२०. डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी एकेका राज्यात मतदान चाललेलं. जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, नेवाडात दुसरे, तेही प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्सच्या खूप मागे. पुढचं राज्य साउथ कॅरोलायना. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, आणि त्यांचे वडीलधारे म्हणजे जिम क्लायबर्न, १९९३ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. जाहीरपणे ते कुणाच्याच बाजूने बोलले नव्हते. अशात ते आपल्या हिशेबनिसाच्या अंत्यविधीसाठी चर्चमध्ये गेले. पुढच्या बाकावरच्या एका वयोवृद्ध बाईंनी बोटाने खूण करून जवळ बोलावलं. म्हणाल्या, एक विचारायचंय. चारचौघांत सांगायचं नसेल तर कानात सांगा. तुम्ही मत कुणाला देणार? क्लायबर्न वाकले आणि कानात म्हणाले, जो बायडन. बाई म्हणाल्या, मला हेच ऐकायचं होतं, आणि इथल्या लोकांनीही ते तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

ही हकिकत क्लायबर्न यांनी स्वतःच पुष्कळदा सांगितली आहे, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. पण बाईंचा प्रश्न बघा. आठ वर्षं ओबामांचे उपाध्यक्ष राहिलेल्या माणसाची माहिती त्यांना नको होती. आपला कल जिकडे आहे तिकडेच आपल्या भरवशाच्या माणसाचाही आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

२६ फेब्रुवारीला नॉर्थ चार्ल्सटनमध्ये क्लायबर्न यांनी जाहीर केलं: आम्ही जोला ओळखतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जो आम्हाला ओळखतो. तीन दिवसांनी मतदान. बायडन यांना जवळजवळ ४९ टक्के, सँडर्सना २० च्या आतबाहेर. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, तर ४७ टक्के म्हणाले, क्लायबर्न यांचा शब्द आमच्यासाठी महत्त्वाचा होता. पण महत्त्वाचा होता म्हणजे त्यामुळे मत बदललं असं नव्हे! बायडन त्या राज्यात आधीपासूनच पुढे होते.

चिठ्ठी आली का? पाच मिनिटं? अहो, मुख्य मुद्दा अजून... बरं. भरभर सांगतो.

मन वळवण्याच्या कामी पाठिंबा कमकुवत. डिसेंबर २००३ मध्ये माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीन यांना पाठिंबा दिला, पुढच्याच महिन्यात डीन आयोवात तिसरे. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे दोन्ही सिनेटर, टेड केनेडी आणि जॉन केरी, शिवाय गव्हर्नर, तिघेही ओबामांच्या मागे. प्रायमरीत राज्य जिंकलं प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी, जवळपास १५ टक्क्यांनी. २०२२ मध्ये जॉर्जियात गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत ट्रम्प यांचे डेव्हिड पर्ड्यू सुमारे २२ टक्क्यांवर, आणि ट्रम्प ज्यांच्यावर खवळले होते ते तेव्हाचे गव्हर्नर ब्रायन केम्प ७४ च्या जवळ. कारण केम्प यांचा कारभार मतदारांनी स्वतः पाहिला होता.

याउलट त्याच वर्षी ओहायोत सिनेटच्या प्रायमरीत बरेच उमेदवार, बहुतेक ट्रम्पभक्त, कुणाचीच पकड नाही. १५ एप्रिलला ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स यांचं नाव घेतलं, ३ मेला व्हान्स ३२ टक्क्यांवर जिंकले. गर्दी, गोंधळ आणि निर्णय न झालेले मतदार असले की असं नाव कामाला येतं. टीव्हीवरची लोकप्रिय निवेदिका ओप्रा विन्फ्री हिने ओबामांना दिलेल्या पाठिंब्याबद्दलही दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचं मासिक कुठे जास्त खपतं, तिने सुचवलेली पुस्तकं कुठे जास्त विकली जातात, हे ताडून २००८ मध्ये ओबामांना सुमारे १० लाख मतं जास्त मिळाल्याचा अंदाज केला. अंदाजच तो, पण पद्धत मला आवडते.

आणि शेवटचं. पाठिंब्याचं खरं गिऱ्हाईक मतदार नसतो, उरलेले उमेदवार असतात. साउथ कॅरोलायनाच्या निकालानंतर दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार हे दोन प्रतिस्पर्धी बाजूला झाले, बायडन यांच्या बाजूने उभे राहिले, आणि ३ मार्चला मतदान झालेल्या १४ पैकी १० राज्यं बायडन यांनी घेतली. आता आपले बेळगावचे श्री ठाणेदार आठवा. २०२२, डेट्रॉइटच्या काँग्रेसच्या जागेची डेमोक्रॅटिक प्रायमरी. तिथल्या कृष्णवर्णीय नेत्यांतल्या बऱ्याच जणांनी ठरवलं, मतं फुटायला नकोत, अॅडम हॉलियर हेच आपले उमेदवार. पण बाकीचे इच्छुक काही हटले नाहीत. नऊ जण रिंगणात राहिले, ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतले आणि २८ टक्क्यांवर ते निवडून आले.

अध्यक्ष उभेच राहिलेत, थांबतो. प्रश्न जरूर विचारा, फक्त पुढच्या वेळी तिकडे कोण येणार, ते सोडून.