खिडक्या बंद करा!

नमस्कार मंडळी! मुक्त बाजारावर बोलायचं म्हटलं की वक्ते मागणी-पुरवठ्याचे आलेख उघडतात, आणि ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहातल्या मागच्या रांगा बटाटेवडा खायला उठतात. अहो, गोष्ट सांगा, गोष्ट!

माझी लाडकी गोष्ट फ्रान्समधली. साल १८४५. फ्रेदरिक बास्तिया नावाच्या लेखकाने संसदेला एक अर्ज लिहिला. अर्थात, लुटुपुटूचा. अर्जदार कोण? मेणबत्तीवाले, दिवेवाले, तेलवाले. तक्रार काय? तर एक परदेशी स्पर्धक आमच्या पोटावर पाय देतोय. इतका स्वस्त माल ओततो, की तो आला रे आला, आमचं गिऱ्हाईक पसार! कोण हा स्पर्धक? सूर्य! आमच्यावर त्याला इंग्लंडनेच सोडलाय, म्हणे. तिकडे धुक्यात कसा अदबीने वागतो बघा! मग मागणी काय? कायदा करा. खिडक्या बंद, झरोके बंद, पडदे ओढा, फटीसुद्धा बुजवा. मेणबत्त्या खपतील. चरबी लागेल, म्हणजे गुरं-मेंढ्या वाढतील. तेल लागेल, म्हणजे व्हेलच्या शिकारीला जहाजं निघतील. देशाची भरभराटच भरभराट! फक्त खिडक्या बंद करा.

हसलात ना? झालं. परदेशी स्वस्त माल अडवा म्हणणाऱ्यांची ही थट्टा. धंदेवाल्याचा फायदा दिसतो, गिऱ्हाइकाच्या खिशाला पडलेलं भोक दिसत नाही. पुन्हा सांगतो, भोक दिसत नाही. (आमच्या सोसायटीच्या सभेत ‘बाहेरचा इस्त्रीवाला नको’ असा ठराव येतो, तेव्हा मला हीच मेणबत्तीवाली मंडळी आठवतात.)

खिडकी उलट्या बाजूनेही बंद होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली. ठाण्यातल्या ताटात कांदा स्वस्त राहावा म्हणून लासलगावच्या शेतकऱ्याचं परदेशी गिऱ्हाईक तोडलं. शेतकरी नेते शरद जोशींनी हे फार आधी ओळखलं होतं. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले, आणि तोट्याचा जमाखर्च स्वतःच्याच वहीत मांडला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा गावोगाव गेली, ती त्या अनुभवाच्या जोरावर.

पण बास्तियाच्या गोष्टीत एक सोय आहे: सूर्याला पगार द्यावा लागत नाही. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी घेतलेला माथाडी विचारेल, सगळं खुलं केलंत तर माझ्या हमालीचा दर कोण ठरवणार? त्याच्या पाठीशी १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्याला पटेल अशी गोष्ट आम्हा मुक्त बाजारवाल्यांकडून मी तरी अजून ऐकलेली नाही.