आज आवतण, उद्या जेवायला

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या पोळा, म्हणजे आज खांदशेकणी. नागपुरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं. काटोल-नरखेडकडच्या माणसाला सांगायला गेलं तर तो हसेल. आत्ता या वेळेला तिकडे गोठ्यागोठ्यात माणसं कोमट तूप आणि हळद घेऊन बसली असतील. बैलाची मान आणि खांदा जिथे जुळतात, जिथे वर्षभर जू टेकलेलं असतं, ती जागा आज हळद-तुपानं शेकायची, हलक्या हातानं चोळायची. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

माझे बाबा हे फार मन लावून करायचे. आमची सोन्या-पाखऱ्याची जोडी होती. बाबा एरवी अबोल. आईला कधी ‘तू पण बस जेवायला’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण त्या संध्याकाळी बैलांना मात्र अहो-जाहो. आई चुलीपाशी बसून ऐकायची आणि म्हणायची, “पुढच्या जन्मी बैल होईन म्हणते.” आम्ही पोरं हसायचो. ती नेहमीच हसत असायची असं नाही, हे फार उशिरा लक्षात आलं.

आज मला बोलायचंय ते या खांद्याबद्दल. बैलाच्या नाही, माझ्या.

मी ३३ वर्षं शाळेत शिकवलं. उजवा हात फळ्यावर. निवृत्त झाले आणि वर्षभरात तोच खांदा आखडला. आधी वाटलं, झोपताना अवघडला असेल. मग वेणी घालता येईना. पदर खांद्यावर घ्यायला सुनेला हाक मारायची पाळी आली. वरच्या फळीवरचा डबा तर काढायचाच नाही. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. मला साखरेचा त्रास आहे, आणि मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणं जास्त होतं म्हणाले. बरं होतं, पण महिनोन्‌महिने घेतं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं दोन गोष्टी सांगितल्या. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं, आणि भिंतीसमोर उभं राहून दोन बोटं मुंगीसारखी वर वर चढवायची. दिवसातून तीनदा.

मी चार दिवस केलं. पाचव्या दिवशी वेळ मिळाला नाही. निवृत्त बाईला वेळ मिळाला नाही! आयुष्यभर पोरांना ‘गृहपाठ का नाही केला’ विचारणारी मी. कारणं मात्र त्यांच्यापेक्षा चांगली देत होते.

दोन वर्षांपूर्वीची अशीच संध्याकाळ. गावाहून भावाचा फोन आला. “खांद शेकून आत्ताच आलो, ताई.” मी फोन डाव्या हातात धरला होता, कारण उजवा कानापर्यंत जात नव्हता. तो बैलांबद्दल सांगत होता आणि मला एकदम हसूच आलं. मुक्या जनावराच्या खांद्याची आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या एवढी काळजी, आणि माझी पिशवी कपाटात तळाशी. फोन ठेवला, पाणी गरम केलं, खांद्यावर पिशवी ठेवून बसले. आणि कोणी ऐकत नाही असं बघून स्वतःलाच म्हटलं, “बाई, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

नात ऐकत होती. सात वर्षांची पोट्टी, तिचे कान कुठे असतील सांगता येत नाही. म्हणाली, “आजी, तू बैल आहेस का?”

दुसऱ्या दिवशी पोळ्याला ती पेन्सिल घेऊन भिंतीपाशी उभी. माझी बोटं जिथे थांबली तिथे तिनं रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘पोळा’. रेघ माझ्या हनुवटीच्या खाली होती.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते काम होतं. ते करायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. आता ती रेघ बघायला रोज सकाळी एक पोरगी ब्रश तोंडात धरून उभी राहते म्हटल्यावर मी चुकवू कशी? शेक तोच, भिंत तीच. फक्त आवतण आलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगते. सकाळी मारबत, संध्याकाळी तान्हा पोळा. मारबत म्हणजे बांबू-कागदाची मोठी पुतळी. एक काळी, एक पिवळी. १८८० च्या दशकापासून ही मिरवणूक निघते आहे. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून येते, काळी इतवारीकडून, आणि नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते. त्या वेळी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. काळी मारबत इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाई भोसले यांच्यावरच्या रागातून निघाली, असं जुने लोक सांगतात. सोबत बडगे असतात. त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा, मग ती महागाई असो, भ्रष्टाचार असो, नाहीतर कुठल्या देशाचा पुढारी. शेवटी वस्तीबाहेर नेऊन सगळं जाळायचं. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गजर, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.

मास्तरणीच्या नात्यानं मी आयुष्यभर ‘ओरडू नका’ हेच सांगत आले. गर्दी नको म्हणून मारबत कित्येक वर्षं पाहिलीही नव्हती. त्या वर्षी नातीनं हट्ट धरला, म्हणून एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिलो. पिवळी आली आणि नात किंचाळली, “पाढे घेऊन जा गे मारबत!” मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी विद्यार्थी दिसत नव्हता. मग मीही ओरडले, “खांदा घेऊन जा गे मारबत!” शेजारी उभा असलेला एक पोरगा म्हणाला, “काकू, माह्या साहेबालेबी घेऊन जा म्हणा ना!” मग आम्ही तिघांनी मिळून त्याच्या साहेबाला रवाना केलं.

खांदा काही गेला नाही, हे सांगून टाकते. घसा मात्र बसला. पण त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी सलग झोपले. वर्षभर शहाण्यासारखं वागणाऱ्या शहराला एक दिवस रस्त्यावर उभं राहून आपलं दुखणं मोठ्यानं सांगायची मुभा असावी, हे ज्याला सुचलं त्याला माणसाच्या छातीतलं बरंच कळत होतं.

आता तान्हा पोळा. यात लाकडी बैल असतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजी राजांनी १८०६ साली लहान मुलांसाठी हा पोळा सुरू केला, असं सांगतात. मुलं चाकांचे बैल सजवून घरोघर नेतात. घरातल्या बाईनं बैलाला ओवाळायचं आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवायचा. खाऊ, पैसे, जे असेल ते.

सहा वर्षांपूर्वी आमचे हे गेले. ते वर्ष आमच्याकडे सण नव्हता. मुलगा तेव्हा नोकरीला पुण्यात, घरात मी एकटी. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी मी मुद्दाम दिवा न लावता दार लावून बसले होते. आणि दार वाजलं. उघडलं नाही. पुन्हा वाजलं. खालून, गुडघ्याच्या उंचीवरून कोणी ठोकतंय हे आवाजावरून कळत होतं. शेवटी उघडलं तर चार पोट्टे, चार बैल, एकाच्या बैलाचं शिंग चिकटपट्टीनं जोडलेलं. “काकू, बोजारा!” त्यांना कुठलं माहीत या घरात यंदा सण नाही ते? मी सांगणारही होते. पण तो शिंगवाला बैल इतका तिरका उभा होता की आधी मी तो सरळ केला. मग घरात शोधलं. फुटाणे निघाले, आणि दहा-दहाच्या नोटा. ओवाळायचं नव्हतं म्हणून बैलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. पोट्टे पळाले पुढच्या दाराला. जिन्यात चाकांचा खडखडाट किती तरी वेळ ऐकू येत होता.

मी दिवा लावला. तेवढंच.

तेव्हापासून पोळ्याच्या आधी मी सुटे पैसे आणून ठेवते. उद्या आणायचेत, मला आठवण राहिली पाहिजे.

आता थोडं रोजच्या गोष्टींचं, कारण बैलपोळा वर्षातून एकदाच येतो आणि साखर रोज असते. खालच्या मजल्यावरच्या ताई आणि मी सकाळी अंबाझरीला फिरायला जातो. तिथे एक गंमत बघते. लोक घाम गाळून चार फेऱ्या मारतात आणि परतताना तर्री पोह्यांच्या ठेल्यापाशी थांबतात. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ. मी ठेवत नाही. मी स्वतः रविवारी अर्धी प्लेट खाते, वर चणे जास्त मागते आणि तर्रीचं तेल बाजूला करायला सांगते. ठेलेवाला माझ्याकडे करुणेनं बघतो. पण त्या अर्ध्या प्लेटीसाठी आमच्या सहा जणींतली एकही रविवार चुकवत नाही. रात्री जेवण झालं की गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं चकरा, हाही नेम आहे. जेवल्यानंतर पाय हलले की स्नायू रक्तातली साखर उचलतात आणि ती एकदम वर चढत नाही. हे मला पुस्तकानं सांगितलं आणि मग माझ्याच मशीनवर दिसलं.

या ताई दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर भोजनदानाच्या मांडवात वाढायला उभ्या असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांचे आजोबा तिथल्या गर्दीत होते. दिवसभर उभं राहून लोकांना वाढणाऱ्या बाईचे दुसऱ्या दिवशी पाय दुखायला हवेत. त्या दिवशी त्या माझ्यापेक्षा एक फेरी जास्त मारतात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “दमले कुठं? लोकं जेवले ना.”

मे महिन्यात मात्र सगळे नेम मोडतात. पारा पंचेचाळीसवर गेला की कसली अंबाझरी! तेव्हा माठ, कैरीचं पन्हं आणि वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर. आपली हवा कोरडी म्हणून तो चालतो. पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, माठाचंही तेच. पावसाळ्यात हवाच ओली, मग तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. हे मी सातवीला दरवर्षी शिकवायचे आणि दरवर्षी कोणीतरी विचारायचं, “मॅडम, मग जुलैमध्ये कूलर विकून टाकायचा का?”

नेम मोडला की मला पूर्वी फार अपराधी वाटायचं. आता मला हाडपक्या गणपती आठवतो. भोसल्यांचे खंडोजी, म्हणजे चिमणाबापू, बंगालच्या स्वारीवरून परत आले तोवर गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं. दुसरा कोणी म्हणाला असता, पुढच्या वर्षी. त्यांनी पितृपक्षात गणपती बसवला, तोही गाण्याबजावण्यासह, थट्टामस्करीसह. म्हणून त्याला मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. तर फिरणं सुटलं तर जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आम्ही पुन्हा निघतो. आमच्या गटाचं नावच पडलंय, मस्कऱ्या मंडळ.

भिंतीचं राहिलंच. त्या वर्षी रेघा हळूहळू चढल्या. ‘दसरा’, ‘कोजागिरी’, ‘दिवाळी’. दिवाळी आणि कोजागिरी एकाच उंचीवर आहेत, कारण मधल्या दिवसांत हात हलायचं नाव घेईना आणि मी नातीवर चिडचिड केली. ‘संक्रांत’ नाकाच्या रेषेत. ‘होळी’ कपाळाच्या वर. आणि पुढच्या पोळ्याला कॅलेंडरच्या खिळ्याच्याही वर. त्या दिवशी वरच्या फळीवरचा डबा मी स्वतः काढला. गेल्या दिवाळीत घर रंगवायला माणूस आला तेव्हा सुनेनं तेवढा पट्टा तसाच ठेवायला लावला. येणारे विचारतात, नातीची उंची का? नात ऐटीत सांगते, “नाही, आजीची.”

भुलाबाई बसायला अजून अवकाश आहे, भाद्रपद पौर्णिमेला. मग कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवर पोरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतील. गाणी तर सुंदर आहेतच, पण माझा जीव अडकलेला असतो शेवटच्या भागात. ज्या घरी भुलाबाई, त्या घरचा खाऊ ओळखायचा. झाकण बंद. डबा हलवून दाखवतात. गोड की तिखट? ओला की कोरडा? मोठ्या बायकाही खोट्या आविर्भावात ‘चिवडा, चिवडा’ ओरडतात, आणि उघडला की काकडीच्या फोडी. गेल्या वर्षी आमच्याकडचा खाऊ कोणालाच ओळखता आला नाही आणि नात आठ दिवस हवेत होती.

म्हणून आज येताना तो वरच्या फळीवरचा डबा सोबत घेऊन आलेय. नातीनं सकाळी भरून दिलाय, मलाही सांगितलेलं नाही. जरा रेडिओचा आवाज मोठा करा. उजव्या हातानं हलवतेय बरं का.

(डबा हलवल्याचा आवाज.)

कोरडा आहे एवढं नक्की. तुम्हाला काय वाटतं?