दोरांची लांबी आणि पाण्याची उंची

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला 'कीज' नावाची बेटांची लांबलचक माळ आहे. तिथल्या एका धक्क्याला बांधलेली ही २५ फुटी शिडाची होडी येत्या दोन दिवसांत एका हरिकेनला तोंड देणार आहे. अरबी समुद्रात ज्याला आपण चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच अटलांटिकच्या किनाऱ्यावर हरिकेन म्हणतात.

मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळी वारे किनाऱ्याला लागण्याच्या साधारण ४८ तास आधी पूर्वसूचना आणि ३६ तास आधी इशारा देते. पण होडी खाडीत आत, खारफुटीच्या आडोशाला न्यायची असेल, तर इशाऱ्याची वाट पाहून चालत नाही, कारण वाटेतले उघडझाप करणारे पूल वारा वाढू लागताच बंद ठेवले जातात आणि उंच डोलकाठीची होडी त्यांच्या अलीकडेच अडकून पडते. या होडीच्या मालकाने धक्क्यावरच राहायचे ठरवले आहे आणि सकाळीच काम सुरू केले आहे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० वर गेला, की होडीवरचा रेटा चौपट होतो. म्हणून या तयारीत जोडण्यापेक्षा काढून टाकण्यालाच अधिक महत्त्व आहे. पुढचे शीड आपल्या तारेभोवती घट्ट गुंडाळलेले दिसले तरी ते तसेच ठेवणे धोक्याचे असते. वाऱ्याला गुंडाळीत एखादी फट सापडते, शीड उलगडते, आणि मग ते फाटेपर्यंत किंवा डोलकाठी मोडेपर्यंत होडीला झोडपत राहते. दोन्ही शिडे उतरवून किनाऱ्यावर न्यावी लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, पण इथे नेमके उलट करावे लागते: उन्हापावसासाठी घातलेले कापडी छतसुद्धा राहू देता येत नाही.

यानंतरचे दोर बांधण्याचे काम दिसायला सोपे आहे, पण बहुतेक होड्यांचे भवितव्य इथेच ठरते. १० सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा हे हरिकेन ताशी सुमारे २१५ किलोमीटर वेगाचे वारे घेऊन याच बेटांपैकी कडजो की येथे धडकले. त्याच दिवशी बरेच उत्तरेला, टॅम्पाच्या उपसागरात जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने पाणी इतके ओढून नेले, की तळ उघडा पडला आणि माणसे त्यावरून चालू लागली. म्हणजे एकाच वादळात एका ठिकाणी पाणी चढते, तर दुसरीकडे उतरते. आखूड बांधलेली होडी पाणी चढल्यावर दोरांनीच खाली खेचली जाते, आणि पाणी उतरल्यावर त्याच दोरांना लटकते. म्हणून दोर लांब ठेवून दूरच्या खांबांना, शक्यतो दोन्ही बाजूंना कोळ्याच्या जाळ्यासारखे बांधतात. त्यामुळे पाण्याबरोबर होडी वरखाली होऊ शकते, पण धक्क्यावर आपटत नाही.

दोर सहसा ताणाने एकदम तुटत नाही, तो घासून झिजतो. नायलॉन ताणले जाते आणि धक्का शोषून घेते, हा त्याचा मोठा गुण आहे. पण प्रत्येक लाटेबरोबर ताणले जाताना ते आतून तापते, आणि जिथे ते होडीच्या काठावरून वळते तिथे घर्षणाची उष्णता त्यात मिसळते. म्हणून वळणाच्या जागी जाड कॅनव्हास गुंडाळून तो पक्का शिवला जातो. माझ्या मते घाई झाली की लोक पहिल्यांदा हेच काम सोडून देतात, आणि तेच सोडता कामा नये.

उरलेली कामे भराभर होतात. मागच्या बैठकीतले पाणी बाहेर नेणारी छिद्रे पालापाचोळा काढून मोकळी केली जातात, झाकणे बंद होतात, बॅटरी पूर्ण भरली जाते. मात्र किनाऱ्याची वीज गेल्यावर उपसा पंप तेवढ्यावर फार काळ चालत नाही. विम्यासाठी प्रत्येक बाजूचे छायाचित्र काढले जाते आणि कागदपत्रे पिशवीत भरली जातात.

वादळात होडीवर कोणी थांबत नाही. मालक शेवटचा दोर हाताने ओढून पाहतो, एका ठिकाणी हातभर सैल करतो, पिशवी खांद्यावर घेतो आणि मुख्य भूमीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागतो.