हक्कांच्या घरी काय शिजते?

सभासद मित्रहो,

टोरंटोत ‘हक्का’ अशी पाटी दिसली की आपली पावले चिली चिकनच्या ओढीने तिकडे वळतात. परंतु हक्का या चिनी समाजाच्या घरी जे शिजते त्याच्याशी या पदार्थाचे नाते दूरचे आहे, आणि ते तसे का झाले हे त्यांच्या स्थलांतराकडे पाहिल्यावर कळते.

उत्तर चीनमधून शतकानुशतके टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकलेल्या हक्कांना ग्वांगडोंग, फुजियान आणि जियांग्शी यांच्या सीमेवरील डोंगराळ, हलक्या जमिनी मिळाल्या, कारण सुपीक सखल भाग इतरांनी आधीच व्यापलेला होता. कष्टकऱ्यांचा हा स्वयंपाक त्यामुळे पोटभरीचा, खारट आणि टिकाऊ राहिला. मुई चॉय हे त्याचे उत्तम उदाहरण. मोहरीवर्गातील एका भाजीचा पाला उन्हात कोमेजवून, मिठात आंबवून पुन्हा सुकवतात. आपल्या वाळवणांमागे असते तीच ही बेगमीची बुद्धी. डुकराच्या चरबीदार मांसाच्या कापांबरोबर हा पाला बराच वेळ वाफवला की तो चरबी शोषून घेतो आणि थोड्याशा मांसावर पुष्कळ भात खपतो. टोफूत खिमा भरण्याची रीत दक्षिणेत गहू दुर्मीळ असल्याने, गव्हाच्या पारीला पर्याय म्हणून आली असे सांगतात. ही आख्यायिका असेलही, पण मला ती पटते.

कोलकात्यात आलेल्या हक्कांनी टांग्रा भागात चामडे कमावण्याचा धंदा उभारला, कारण सवर्णांना तो वर्ज्य होता. पुढे उपाहारगृहे निघाली आणि तिथल्या कढईत गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी हिरवी मिरची, आले आणि लसूण सढळ हाताने पडू लागले. या पदार्थांना कुणी नकली म्हटले तर मला ते मान्य नाही. परक्या शहरात पोट भरण्यासाठी हक्कांनीच ते घडवले, मात्र घरच्या चुलीसाठी नव्हे.

१९६२च्या युद्धानंतर भारतातील चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले. त्यानंतरच्या दशकांत अनेक हक्का कुटुंबांनी कोलकाता सोडून टोरंटो गाठले. इथेही त्यांचे हुकमी गिऱ्हाईक आपणच, दक्षिण आशियाई, असल्याने पाटीवर कोलकात्याचीच चव आली.

घरची चव पाहायची असेल तर इथल्या चिनी किराणा दुकानांत मुई चॉय पाकिटबंद मिळते. ते भिजत घालून दोन-तीन पाण्यांनी नीट धुवावे, एरवी मीठ फार होते.