जकार्डच्या पत्त्यांपासून सुरुवात करूया

मंडळी, प्रवेशाचा हंगाम जवळ आला की चौकाचौकांत महाविद्यालयांचे फलक लागतात. पॅकेजचे आकडे, नव्या इमारतीचा फोटो, टाय लावलेली हसरी मुलं. दहावी-बारावीची पोरं ते बघतात, आईवडील फी विचारतात आणि शाखा बहुतेक वेळा कुणीतरी मामा किंवा काका ठरवतो. "कॉम्प्युटर मिळालं तर घे, नाहीतर मेकॅनिकल आहेच." या सगळ्या धामधुमीत यंत्राबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मुलं आमच्याकडे, इंजिनिअरिंगला, का येत नाहीत आणि आलेली का रमत नाहीत, याचं मूळ मला इथं दिसतं. सोलापुरात तर ते फारच खुपतं, कारण यंत्राच्या आवाजात वाढलेली इतकी मुलं दुसऱ्या गावांना सहज मिळत नाहीत.

पूर्व भागातल्या कुठल्याही चादरीच्या कारखान्यात जा. मागाच्या वर जकार्ड, म्हणजे नक्षी विणून घेणारं यंत्र, बसवलेलं असतं. त्यावरून भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते, एकमेकांना शिवून माळ केलेले, एकेक करून पुढे सरकतात. प्रत्येक पत्ता म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. पत्ता सुयांवर येऊन टेकतो. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि वर जाणारी सुरी, म्हणजे पट्टी, त्याला धरून उचलते आणि ताण्याचे, उभे, त्याला बांधलेले धागे वर येतात. भोक नसेल तिथं पत्ता सुईला मागे ढकलतो, हूक सुरीपासून सरकतो आणि धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून बाण्याचा धागा घेऊन धोटा जातो. चादरीवरचा मोर असा तयार होतो: भोक आहे की नाही, एवढ्याच प्रश्नाच्या हजारो उत्तरांतून.

जोसेफ मारी जकार्ड यानं फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास हे यंत्र पुढे आणलं. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना तिथूनच उचलली. त्या यंत्रावर टिपणं लिहिताना एडा लव्हलेसनं 1843 मध्ये ते बीजगणिताची नक्षी विणतं असं म्हटलं, जकार्डचा माग फुलं-पानं विणतो तशी. पुढे 1890 च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथची यंत्रं भोकं पाडलेल्या पत्त्यांवरच चालली. ज्या कॉम्प्युटर शाखेसाठी आपण रांगा लावतो, तिची एक पणजी आपल्या साखर पेठेत खडखडते आहे आणि आम्ही तिची ओळखही करून देत नाही.

मी पहिल्या वर्षाला शिकवतो. प्रोग्रॅमिंगच्या तासाला एकदा जुना पत्ता घेऊन गेलो आणि विचारलं, हे काय आहे? मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्यानं तोवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं, उठला आणि पत्ता उलटा धरल्याचं त्यानं मला दाखवून दिलं. मग एक पत्ता चुकीच्या क्रमानं शिवला तर नक्षी कुठं तुटते, ते त्यानं फळ्यावर काढून दाखवलं. प्रोग्रॅममधली चूक शोधणं म्हणजे काय, हे त्या दिवशी वर्गाला त्यानं शिकवलं. त्याच्या घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी, पुस्तकात इंग्रजी. फळ्यासमोर त्याला कुठलीच भाषा आडवी आली नाही. 2021-22 पासून पदविकेला मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक शिक्षणाची सोय झाली, तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण वस्तू हातात नसेल तर मराठीतली व्याख्याही पाठच केली जाते.

आमचं पहिलं वर्ष बघा. एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपर, फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉईंगच्या शीट, जर्नल, सबमिशन. शाखेचा खरा विषय दुसऱ्या वर्षात भेटतो, तोवर पोरगं केट्या, म्हणजे राहिलेले विषय, मोजत बसलेलं असतं. मेकॅनिकलची मुलं पुढे कॅमचा, म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला ढकलणाऱ्या फुगीर चकतीचा, आकार शीटवर काढतात. धोट्याला फटका देणारा कॅम घरातल्या मागावर रोज फिरतो, त्याच तत्त्वावरचे कॅमशाफ्ट सोलापुरात तयार होऊन परदेशी गाड्यांच्या इंजिनांत बसतात, आणि शीट काढणाऱ्याला या दोन्हींचा पत्ता नसतो. गणित कमी करा असं मी म्हणत नाही. गणित हवंच. आधी कॅम हातात द्या, मग त्याचं गणित मूल स्वतःहून मागतं, हा माझा अनुभव आहे.

सिव्हिलचंही तेच. आपल्याकडे उजनीचं पाणी दिवसांच्या अंतरानं येतं. नळाला आधी हवा फुसफुसते आणि मग धार लागते, हे प्रत्येक घरानं पाहिलंय. रिकाम्या पाइपात हवा का अडकते, टेकाडावरच्या घराला दाब का कमी पडतो, हे प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारा. वर्गातलं प्रत्येक मूल बोलेल, मुली तर आधी, कारण पाणी भरायचं काम त्यांच्याच गळ्यात असतं.

मुलींचं निघालं म्हणून सांगतो. 2024-25 पासून राज्य सरकारनं 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या पात्र मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. विडी वळणाऱ्या आईच्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण फी माफ झाली तरी अक्कलकोट किंवा मोहोळकडून येणाऱ्या मुलीची संध्याकाळची एसटी प्रॅक्टिकल संपायच्या आत सुटते. तिचं वर्कशॉप सकाळच्या बॅचला ठेवा. यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही, वेळापत्रक आपणच करतो.

आणि शाळांकडे जायचं ते सातवी-आठवीला. बारावीनंतर उशीर होतो, तेव्हा फक्त गुणांची भाषा चालते. सातवीच्या मुलाला पेचकस द्या, बंद पडलेला पंखा उघडू द्या, कारखान्यात नेऊन जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, प्रश्न विचारू द्या. जॉबरला वर्गातही बोलवा. त्याच्याकडे पदवी नाही, पण मागाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस आमच्या स्टाफरूममध्ये नाही.

आज सभागृहात कारखानदार बसलेत, म्हणून एक मागणं. नवे माग आले की जुनी जकार्डं किलोच्या भावानं भंगारात जातात. एखादं चालू स्थितीतलं असेल तर पत्त्यांसकट कॉलेजला द्या. टेम्पो आम्ही पाठवू. जोडायला तुमचा एक जॉबर दोन दिवस हवा, त्याची मजुरी विभाग देईल. वर्कशॉपमध्ये लेथच्या शेजारची जागा आम्ही मोकळी करून ठेवली आहे.