मस्टँग टूचं सस्पेन्शन, भलत्याच गाडीखाली

फोर्डनं १९७४ ते १९७८ या काळात मस्टँग टू काढली, पिंटो या फोर्डच्याच छोट्या गाडीच्या पार्ट्सवर बेतलेली छोटी मस्टँग. पहिल्याच वर्षी पावणेचार लाखांच्या वर खपली, तरी मस्टँगचे शौकीन आजही तिचं नाव निघालं की नाक मुरडतात. पण अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांच्या, म्हणजे जुन्या गाड्या नव्यानं बांधून पळवणाऱ्यांच्या, गॅरेजात जा आणि १९३२ चा फोर्ड असो नाहीतर जुना शेवरोले पिकअप, खाली वाकून बघा, पुढचं सस्पेन्शन कितीदा हिचंच निघतं. म्हणजे डिझाइन हिचं, पार्ट्स नवे, कारण भंगारातल्या गाडीखालून काढून आणायचा जमाना मागे पडला, आता सगळं किटमध्येच येतं.

हिचंच का? फोर्डच्या गाड्यांना १९४८ पर्यंत पुढे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ बीम अ‍ॅक्सल आणि आडवी पाट्यांची स्प्रिंग होती, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही तिरकं होणार. मस्टँग टूला प्रत्येक चाकाला वरखाली दोन कंट्रोल आर्म (चाक धरून वरखाली हलणारे दांडे), कॉइल स्प्रिंग, डिस्क ब्रेक, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग (दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, सरकवून चाकं वळवणारं), आणि हे सगळं आटोपशीर. शिवाय रॅक चाकांच्या सेंटरच्या पुढे, त्यामुळे ज्या इंजिनाचा ऑइल संप (इंजिनाखालचा तेल साठायचा भाग) मागच्या बाजूला आहे ते नीट बसतं. मूळ खालचा आर्म अरुंद होता आणि त्याला मागून एक रॉड आधार द्यायचा, हल्लीच्या बऱ्याच किटमध्ये तो रॉडच नाही, रुंद पायाचा त्रिकोणी आर्म असतो.

आता या व्हिडिओत स्क्रीनवर किट बसवायच्या आधीची मापं घेणं चाललंय, ते बघायला कंटाळवाणं आहे, एक माणूस टेप घेऊन फिरतोय, ओळंबा सोडतोय, जमिनीवर खुणा करतोय. पण सगळा खेळ इथेच आहे. जुना अ‍ॅक्सल कापायच्या आधी चाकांची सेंटरलाइन चेसिसवर आणि जमिनीवर उतरवून घ्यायची, कर्ण मोजायचे, आणि गाडी शेवटी जशी उभी राहणार आहे तशीच उभी करायची, म्हणजे तेच टायर, तीच उंची, पुढून तेवढीच झुकलेली. हे झुकणं फार जण विसरतात. चेसिस लेव्हलला ठेवून क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारा आडवा भाग) वेल्ड केला आणि मग गाडी नाकावर ३ अंश झुकली, तर कॅस्टरचे (चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती कललाय, त्याचे) ते ३ अंश गेलेच, आणि कॅस्टर गेला की हायवेला गाडी सरळ धावायला कुरकुर करते, स्टिअरिंग आपणहून मध्ये येत नाही. मग अलाइनमेंटवाल्यानं कितीही डोकं लावलं तरी अ‍ॅडजस्टमेंट संपते, चूक वेल्डमध्ये बसलेली असते.

दुसरी गडबड बंप स्टिअरची. चाक वरखाली होताना आर्म एका कमानीत फिरतो आणि टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) दुसऱ्या, या दोन कमानी जुळल्या नाहीत तर खड्ड्यावर चाक आपोआप वळतं. फेंडरच्या आत बसावं म्हणून कुणी ट्रॅक (दोन चाकांमधलं अंतर) अरुंद करतं आणि रॅक तोच ठेवतं, तिथे हे हमखास होतं. तपासायला सोपं आहे: स्प्रिंग काढायची, जॅकनं चाक पूर्ण वरखाली करायचं आणि टो (वरून पाहता चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) किती बदलतो ते मोजायचं.

वेल्डिंगचं म्हणाल तर आधी टाके, चेसिसला आडवे आधार, मग एकदा इकडे एकदा तिकडे, नाहीतर उष्णतेनं चेसिस ओढली जाते.

आणि एक सांगू का, फोर्डच्या कारमध्येसुद्धा १९४९ पासून पुढची चाकं स्वतंत्र आहेत, तेव्हा त्यानंतरच्या कारला हे सगळं लागतंच असं नाही. लोक झिजलेल्या किंगपिन (चाक ज्यावर वळतं त्या खिळा) आणि वाळलेल्या रबरी बुशांची तुलना कोऱ्या किटशी करतात आणि म्हणतात बघा केवढा फरक, अरे पण आधी जुनंच नीट रिबिल्ड करून चालवून बघा की. इंजिन मोठं घालायचंय, जागाच नाही, ब्रेक डिस्क हवेत आणि स्टिअरिंगही बदलायचंय, असं सगळं एकदम असेल तर मात्र किटचा हिशोब जमतो.

पॉवर रॅक (पंपाच्या तेलाच्या दाबानं वळायला मदत करणारा) घेतलात तर पंपाचं प्रेशर रॅकला साजेसं आहे ना ते बघा, जास्त असेल तर स्टिअरिंग बोटानं फिरतं पण रस्त्यावर गाडी दचकल्यासारखी वागते. रेडियल टायर आणि पॉवर स्टिअरिंगला साधारण ३ ते ५ अंश कॅस्टर धरतात, कॅम्बर (पुढून पाहता चाकाचं आत-बाहेर कलणं) शून्याच्या आसपास, टो किंचित आत. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून काही शे किलोमीटर चालवून झाल्यावर उंची पुन्हा मोजायची आणि अलाइनमेंट परत करून घ्यायची.