बाणाला एक सेकंद द्या

(दृश्य: मोकळे मैदान. लाकडी रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य, दोरी गालापर्यंत ओढलेली. बाण सुटतो. कॅमेरा बाणामागे जात नाही, तिरंदाजाच्या बोटांवर थांबतो.)

पारंपरिक धनुष्यातून सुटलेला बाण साधारण सेकंदाला ५० मीटर वेगाने जातो. लक्ष्य १५ मीटरवर असेल, तर सुटल्यापासून रुतेपर्यंत सेकंदाचा तिसरा हिस्साही लागत नाही. तिरंदाजाला दिसतो तो एकदम रुतलेला बाण. वाटेत तो सरळ गेला की शेपूट हलवत गेला, हे कळायला सवडच मिळत नाही.

आता लक्ष्य ५० मीटरवर नेऊया. बाण चांगला सेकंदभर हवेत आहे. तो कुठून कलला, कधी सावरला, सगळे डोळ्यांना दिसते. धनुष्याला नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर दांडा नाही. जे काही बिघडले, ते शरीराने बिघडवले.

(दृश्य: दोन लक्ष्ये एकाच चौकटीत, एक जवळ, एक लांब.)

समजा, दोरी सोडताना हात गालापासून बाहेर उडाला आणि बाण अर्ध्या अंशाने भरकटला. १५ मीटरवर ही चूक १३ सेंटिमीटर. ५० मीटरवर ४४. अंतर जितके पट वाढले, तितकेच पट चूक वाढली. इथवर सोपे आहे.

वर-खालीचे गणित मात्र निराळे, आणि लांबच्या सरावाचा खरा फायदा आहे तो इथे. दोरी पूर्ण ओढून नेम धरता धरता पाठ सैल पडते, खांदा ढिला होतो आणि दोरी नकळत अर्धा इंच पुढे सरकते. तिरंदाज याला कोलॅप्स म्हणतात. तेवढ्याने बाणाचा वेग साधारण २ टक्के घटतो. १५ मीटरवर बाण जेमतेम २ सेंटिमीटर खाली लागतो. एवढ्याची दखल कोण घेतो? ५० मीटरवर तोच बाण २० सेंटिमीटर खाली जातो. कारण हवेतल्या बाणाची घसरण वेळेच्या वर्गाने वाढते: वेळ तिप्पट, घसरण नऊपट.

म्हणून लांबवर बाण उभ्या पट्ट्यात विखुरले, तर नेमाला दोष देण्याआधी ओढ तपासायची. प्रत्येक वेळी हात गालावर त्याच जागी टेकतो का? बाण सुटेपर्यंत पाठीचे स्नायू काम करत राहतात का? बाण आडव्या पट्ट्यात विखुरले, तर सोडणारी बोटे आणि धनुष्य धरलेल्या हाताची पकड पाहायची. अर्थात वाराही आडवाच ढकलतो. वाऱ्याच्या दिवशी आडव्या विखुरण्यावरून फार काही ठरवू नये.

(दृश्य: बाजूने तिरंदाज. खांद्यांची रेषा पडद्यावर आखलेली.)

लांबच्या नेमासाठी धनुष्य उचलावे लागते आणि बहुतेक जण इथे फक्त पुढचा हात वर करतात. हात आणि खांद्यांची रेषा तिथेच मोडते, ओढही आखडते. जवळच्या लक्ष्यासारखी पूर्ण ओढ घ्यायची आणि मग कमरेतून धड कलवायचे. कमरेच्या वर काहीही बदलता कामा नये. हे बोलायला सोपे आहे; आरशासमोर किंवा मोबाइलवर चित्रण करून पाहिले की आपण काय करतो ते दिसते.

मनाचेही आहे. जवळच्या लक्ष्यावर मधला ठिपका डोळ्यांत भरतो, आणि नेम बसला असे वाटताच बोटे दोरी सोडून मोकळी होतात. ओढ पूर्ण झालेली असो वा नसो. लांबवर प्रत्येक बाण मध्यावर लागेल अशी अपेक्षाच उरत नाही, म्हणून लक्ष शरीराकडे वळते. अनेक तिरंदाजांना यामुळे हायसे वाटते. काहींची मात्र चिडचिड होते. त्यांनी मोठे लक्ष्य लावावे. त्यात कमीपणा नाही.

(दृश्य: जुनी चित्रे, मग वेगवेगळ्या देशांतील तिरंदाज.)

जपानच्या क्युदो या पारंपरिक तिरंदाजीत जवळचे अंतर २८ मीटर आणि लक्ष्य ३६ सेंटिमीटरचे. लांबचे अंतर ६० मीटर, तिथे लक्ष्य १ मीटरचे. हिशेब केला तर लांबचे लक्ष्यच डोळ्याला मोठे दिसते! कोरियाच्या पारंपरिक तिरंदाजीत तर लक्ष्य असते १४५ मीटरवर. इंग्लंडमध्ये १५४१ साली कायदाच झाला: वय २४ च्या पुढे असेल, तर २२० यार्ड, म्हणजे सुमारे २०० मीटर, किंवा त्याहून जवळच्या खुणेवर हलक्या बाणांनी नेम धरायचा नाही. त्या राजवटीला खेळाडू नको होते, युद्धात लांबवर मारा करणारे हात हवे होते. त्या मानाने आपले ५० मीटर फारच सौम्य.

(दृश्य: तिरंदाज लक्ष्यापासून पावले मोजत मागे येतो.)

एकदम ५० मीटरवर जायची गरज नाही. १५ वरून २५, मग ३५; बाण एकत्र बसू लागले की आणखी मागे. धनुष्य मात्र तेच. अंतर वाढले म्हणून जास्त पाउंडांचे, म्हणजे ओढायला जड धनुष्य घेतले, तर कोलॅप्स वाढेल आणि सगळी मेहनत वाया.

आणखी एक. लांबवर चूक सापडते, पण ती दुरुस्त होते जवळच. दोन-तीन पावलांवर, मोठ्या बटसमोर (बाण अडवणाऱ्या गठ्ठ्यासमोर), नेम न धरता, कधी डोळे मिटून. मैदान मोकळे असेल तर दोन्ही एकाच दिवशी करता येते: मागे जाऊन काय बिघडते ते पाहायचे आणि पुढे येऊन तेवढेच घोटायचे.

लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा, किंवा माणूस-जनावर फिरकणार नाही अशी भरपूर मोकळी जागा. चुकलेला बाण लक्ष्याच्या बराच पुढे जातो आणि गवतात घुसला की शोधत बसावे लागते. आणि चांगले एकत्र बसणारे बाण एकामागून एक खाली पडू लागले, तर पाठ थकली आहे. त्या दिवशी धनुष्याची दोरी उतरवून ठेवावी.